कुंगूचे तास

चिविंडाच्या टेकाडावर उभी असलेली एकुलती एक पवनचक्की दिसायला देखणी होती, उंच आणि पांढरीशुभ्र, पण कामाला जरा मंदच. शंभराची अपेक्षा ठेवावी आणि तिने ऐंशी द्यावेत, असं दीड वर्ष चाललं होतं. गावातल्या बायकांनी तिचं नाव 'साहेबांची बायको' ठेवलं होतं. नटूनथटून उभी राहते आणि मनात येईल तेव्हाच हलते, असं त्यांचं म्हणणं.

तिच्या या मंदपणाचं कारण शोधायला वारा मोजणारी तज्ज्ञ हेमांगी तांडेल मंगळवारी दुपारी चिविंडात येऊन दाखल झाली. हातात तीनच दिवस होते. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तिला मंजुरी समितीसमोर, इथल्या वाऱ्याचा आकडा बरोबर असल्याच्या दाखल्यावर सही करायची होती. सही झाली की या किनाऱ्यावर असले साठ खांब उभे राहणार होते. नाही झाली, तर जागतिक ऊर्जा निधीच्या रांगेतला मलावी देशाचा नंबर जाऊन तो पुन्हा शेपटाला लागणार होता आणि पुढची पाळी यायला चार वर्षं लागणार होती.

साल होतं २०४१. मलावी हा आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान देश, आणि त्यातलाही मोठा लचका एका लांबलचक सरोवराने तोडलेला. देशाची बरीचशी वीज त्या सरोवरातून निघणाऱ्या शिरे नदीवर अवलंबून होती. लागोपाठ तीन वर्षं पाऊस रुसला, सरोवर उतरलं, नदी रोडावली आणि वीज दिवसाला सहा तासांवर आली. ऊन आणि वारा मात्र भरपूर होते. प्रश्न एवढाच, की खांब कुठे रोवायचे. ज्याचा वशिला मोठा त्याच्या गावात, असं होऊ नये म्हणून देशाने एक कायदा केला होता. उपग्रह आणि जमिनीवरची यंत्रं मिळून देशाच्या चौरस किलोमीटर न् किलोमीटरला आकडा देत. त्याला सगळे नुसतं 'नकाशा' म्हणत. नकाशाने दिलेला आकडा मंत्र्यालाही बदलता येत नसे. ज्या जागेचा आकडा मोठा, तिथे खांब, आणि तिथल्या लोकांनी घरं उचलून दुसरीकडे जायचं.

हा कायदा करून घेण्यात ज्याने आयुष्याची बारा वर्षं घातली, तो लुघानो म्सुक्वा. ऊर्जा खात्याचा संचालक, पन्नाशीचा, कमी बोलणारा आणि इस्त्रीचा शर्ट घालून बोटीत बसणारा माणूस. तो तरुण असताना जिल्ह्याच्या रुग्णालयात त्याचे वडील प्राणवायूवर होते आणि वीज गेली. जनित्र सुरू व्हायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासाबद्दल लुघानो कधी बोलत नसे, पण त्याच्या प्रत्येक योजनेत पहिलं नाव त्या रुग्णालयाचं असे. चिविंडाची वीजही सर्वांत आधी तिथेच जाणार होती. नकाशा सांगत होता की या किनाऱ्यावर वारा सलग चार तासांपेक्षा जास्त कधी थांबत नाही. म्हणून रुग्णालयासाठी सहा तासांची बॅटरी मंजूर झाली होती आणि जुनं डिझेल जनित्र मोडीत काढायचा हुकूमही निघाला होता.

आणि चिविंडा हे लुघानोचं स्वतःचं गाव. दोनशे चाळीस घरं उठणार, त्यात पाण्यालगतचं पहिलं घर त्याच्या आईचं. स्थलांतराचा कागद घेऊन तो स्वतः आईकडे गेला होता. तिने अंगठा उठवला आणि त्याला जेवायला वाढलं. खात्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि त्यामुळेच त्याचा शब्द खाली पडत नसे.

हेमांगी नेहमीसारखी त्या आईकडेच उतरली. म्हातारीला सगळे न्याकायंगे म्हणत, म्हणजे कायंगे कुळातली लेक. तिकडे लग्न झालेल्या बाईलाही माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारतात, ही पद्धत हेमांगीला पहिल्या दिवसापासून आवडली होती. ती स्वतः मात्र लुघानोसारखीच तिला 'अमामा' म्हणे.

"सही करायला आलीस?" न्याकायंगेने विचारलं.

"करायच्या आधी बघायला आले, अमामा. तुमची चक्की कमी वीज का देते ते."

"बघ. मी सामान बांधून ठेवलंय. माझी काळजी करू नकोस."

खरंच दाराशी दोन पेट्या आणि एक उखळ बांधून ठेवलेलं होतं.

हेमांगी मूळची देवगडची. घरी मासेमारी. आठ वर्षांपूर्वी मलावीत आली ती एका वर्षासाठी, आणि राहिली. तिच्या नावावर एक गोष्ट जमा होती, आणि ती साधीसुधी नव्हती. वारा मोजायला आता उंच मनोरे लागत नाहीत. जमिनीवर ठेवलेलं एक यंत्र आकाशात लेझरचा किरण सोडतं. कवाडाच्या फटीतून आलेल्या उन्हात धुळीचे कण तरंगताना दिसतात ना, तसे हवेतले कण त्या किरणात येतात आणि थोडा प्रकाश परत पाठवतात. कण वाऱ्याबरोबर सरकत असले की परत आलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, आणि त्या बदलावरून वाऱ्याचा वेग कळतो. पण कण म्हणजे धूळ असेल तरच. किरणात पाखरं, वटवाघळं, किडे आले की ते आपल्या मर्जीने उडतात आणि यंत्राची फसगत होते. हेमांगीने तीन वर्षांपूर्वी या घोटाळ्यावर उपाय काढला. उडणारे जीव ओळखायचे, तो अख्खा तास बाजूला टाकायचा, आणि आधीच्या-नंतरच्या तासांवरून तिथे ठिगळ लावायचं. जगभर तिला 'तांडेल चाळणी' म्हणतात. अकरा देशांचे नकाशे त्या चाळणीतून गाळून निघाले होते. देवगडच्या शाळेने तिचा फोटो भिंतीवर लावला होता.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला वारा पडला. सरोवर ताटातल्या पाण्यासारखं निश्चल झालं. हेमांगी टेकाडावर चक्कीच्या पायाशी जोडण्या तपासत होती. सहज तिने वर मान केली, आणि पाण्यावर लांब धुराचे लोट दिसले. तपकिरी, उंच, एक नाही, पाच-सहा.

ती धावत खाली आली. "अमामा, होडी पेटलीय कुणाची तरी."

न्याकायंगे भाकरीच्या तव्याएवढी एक पाटी पाण्यात बुडवत होती. ती हसायला लागली. "जळतंय कुठलं, पोरी. कुंगू उठलंय. चल, डोक्याला फडकं बांध."

गाव एकदम जागं झालं. ज्या बायका एरवी उसिपा मासळी वाळत घालायला कुरकुर करायच्या, त्या ओल्या पाट्या, टोपल्या, कढया घेऊन धावत सुटल्या. ढग सरकत सरकत किनाऱ्याला लागला, आणि मग हेमांगीला कळलं की तो धूर नाही, चिलटं आहेत. कोट्यवधी. न चावणारी, पावसाळी महिन्यांत अमावास्येच्या आगेमागे सरोवराच्या तळातून वर येणारी. कानात, नाकात, केसांत चिलटंच चिलटं. बायका पाट्या डोक्याभोवती गरागरा फिरवत होत्या आणि ओल्या पाटीवर काळा थर चढत होता. तो खरवडायचा, दाबायचा, मीठ लावून त्याच्या वड्या करून उन्हात ठेवायच्या. आठ वर्षांत हेमांगी इथे आली ती नेहमी कोरड्या ऋतूत, कारण यंत्रांची तपासणी तेव्हाच व्हायची. कुंगूची वडी तिने एकदा खाल्ली होती. ती येते कुठून, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"साहेबांची बायको झोपली बघा," कुणीतरी म्हणालं, आणि बायका खिदळल्या.

चक्कीची तिन्ही पाती उभी होती. अजिबात हलत नव्हती.

"आता दोन दिवस उठायची नाही," न्याकायंगे पाटी खरवडत म्हणाली. "चंद्राची कोर दिसेपर्यंत."

"दोन दिवस? हे कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? वारा असला की कुंगू पाण्याबाहेर येतच नाही. कुंगू आलं म्हणजे वारा बसला. तुमच्या त्या आकाशात बघणाऱ्या डबड्याला एवढंही माहीत नाही?"

हेमांगीने पाटी खाली ठेवली. घरात जाऊन तिने टॅबलेट उघडला. लेझरच्या यंत्राची आजची नोंद: आठ ते नऊ, ठीक. नऊ ते दहा, करडा रंग, 'नाकारले'. दहा ते अकरा, नाकारले. आणि त्या करड्या चौकोनांवर चाळणीने लावलेलं ठिगळ: वेग, सेकंदाला सात मीटर. बाहेर केळीचं पान हलत नव्हतं.

 चाळणी बरोबर चालत होती, जशी बनवली होती तशीच. फक्त चिलटं असलेला प्रत्येक तास ती फेकून देत होती, आणि चिलटं नेमकी वारा नसतानाच येत होती. म्हणजे नकाशाने या किनाऱ्यावरचे शांत तास एकेक करून वेचून काढून टाकले होते आणि त्यांच्या जागी वारा भरला होता.

फेकलेले तास चाळणी नष्ट करत नसे, बाजूला ठेवत असे. अंगणात चटईवर बसून हेमांगीने ते सगळे चक्कीच्या नोंदीशी ताडून, शांत तास म्हणून परत घातले. वर्षाला चौदाशे तास. शंभराचे चौऱ्याऐंशी झाले. उरलेल्या चारांचा हिशेब तिला दुपारी लागला, जेव्हा दोर लावून ती पात्यापर्यंत चढली आणि पात्याच्या पुढच्या कडेवर बोट फिरवलं. वाळलेल्या कुंगूचा खरखरीत थर होता. वारा गुळगुळीत कडेवरून नीट घसरतो, खरखरीत कडेवर फिस्कटतो आणि पातं जड होतं.

पण चौऱ्याऐंशी की शंभर हा प्रश्न तितका मोठा नव्हताच. मोठा प्रश्न तिला शेवटी दिसला. गेल्या जानेवारीत वारा सलग एकावन्न तास बसला होता. सगळ्या किनाऱ्यावर, एकाच वेळी. साठ खांब लावले असते तर साठही न फिरता उभे राहिले असते. आणि रुग्णालयाची बॅटरी सहा तासांची.

तिला आई आठवली. देवगडच्या जेटीवर लाँचवाले जो जवळा कचरा म्हणून एका बाजूला लोटायचे, तो आई टोपलीत भरायची, वाळवायची आणि सुकट करून विकायची. हेमांगीच्या शाळेची फी त्यातून गेली होती. आणि त्याच हेमांगीने दुसऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन कचरा कोणता ते ठरवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

मग आणखी एक गोष्ट आठवली. चाळणी बनवताना तिने विचारलं होतं. लुघानोलाच विचारलं होतं. पडद्यावरच्या करड्या धुराकडे बोट दाखवून म्हणाली होती, "हे काय असतं रे तुमच्याकडे?" त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं होतं. "काही नाही. किडे आहेत. काढून टाक."

गुरुवारी दुपारी लुघानो आला. वारा बसलेलाच होता. दोघं उलट्या घातलेल्या होडीवर बसले आणि हेमांगीने त्याला सगळं दाखवलं.  संपल्यावर त्याने चष्मा पुसला.

"सही कर," तो म्हणाला.

"लुघानो—"

"ऐक तर. आज रुग्णालयाला सहा तास वीज मिळते. तुझे हे शांत दिवस धरूनही वर्षातले तीनशे दिवस चोवीस तास मिळेल. चौऱ्याऐंशी तर चौऱ्याऐंशी. उभं राहू दे. बॅटरी मागून वाढवू."

"मागून म्हणजे कधी? दाखला झाल्यावर आकडा बदलायला दोन वर्षं लागतात, हा नियम तूच घातलायस. आणि जनित्र तर खांब लागले की जाणार. आज निदान ते आहे."

 किनाऱ्यावर बायका वड्या उलटत होत्या.

"तुला एक कळत नाहीये," तो हळू म्हणाला. "उद्या समितीसमोर तू म्हणणार, चिविंडाचा आकडा चुकलाय. आणि लोक काय म्हणतील? म्सुक्वाने बारा वर्षं सगळ्यांची घरं उठवली, आणि आईच्या घरापाशी आल्यावर आकडा बदलला. एकदा हे तोंडातून गेलं की कायदा मेला. पुढचा प्रत्येक मंत्री आपल्या गावचा आकडा चुकला म्हणून उभा राहील."

हे खरं होतं. 

"मग चूक माझी म्हणून सांगते," ती म्हणाली. "आहेच माझी. फक्त चिविंडा नाही, चाळणीच मागे घेते. अकराही देशांतून. तेव्हा तरी कोणी म्हणणार नाही की हे एका घरासाठी केलं."

"तुझं काय राहील मग?"

"काही नाही राहणार."

ती हसली. लुघानोने तिच्याकडे बघितलं नाही. उठला, पँट झटकली आणि आईच्या घरी न जाता विश्रामगृहाकडे चालू लागला.

संध्याकाळी न्याकायंगेने कोंडोवोले रांधलं, कसाव्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, आणि सोबत कुंगूची आमटी. हेमांगीने तिला सगळं सांगितलं. म्हातारी जेवता जेवता ऐकत होती.

"म्हणजे माझं घर राहणार?"

"कदाचित, अमामा."

"मी कुठे घर मागितलं?" न्याकायंगेचा आवाज एकदम चढला. "त्याचा बाप गेला तेव्हा मी बाजूला बसले होते. हातपंख्याने वारा घालत होते त्याला, काय करणार दुसरं? माझ्या चुलीवर खांब रोवा, मी आनंदाने जाईन. पण तो रुग्णालयातल्या माणसांना श्वास देणार असेल तर. नुसता उभा राहणारा खांब कशाला हवा मला?"

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. लुघानो बारा वर्षांचा असताना मिशनच्या शाळेत गेला. डब्यात कुंगूची वडी नेली. मुलांनी त्याला 'माशीखाऊ' म्हणून हाक मारायला सुरुवात केली. पहिल्या सुट्टीत घरी आला तेव्हापासून त्याने वडीला हात लावला नाही.

शुक्रवारी अकराला समिती शाळेच्या वर्गात बसली. कायद्याप्रमाणे सुनावणी जागेवरच व्हायची आणि गावाला ती ऐकायचा हक्क होता, त्यामुळे खिडक्यांत माणसं दाटली होती. पाच सदस्य, मधोमध अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, कापसासारखे पांढरे केस.

हेमांगी उभी राहिली. तिने सही करायला नकार दिला आणि का ते सांगितलं. चौदाशे तास, एकावन्न तास, सहा तासांची बॅटरी. सगळं साध्या शब्दांत सांगितलं, खिडकीतल्या माणसांनाही कळेल असं. शेवटी म्हणाली, "चाळणी मी बनवली. चूक माझी आहे. आज सकाळी मी ती अकराही देशांतून मागे घेतल्याचं पत्र पाठवलंय."

वर्गात कुजबुज झाली. एक सदस्य, गोरटेला, टाय घातलेला, म्हणाला, "अकरा देशांचं काम थांबेल, बाई. एवढ्या मोठ्या गोष्टीचा पत्ता तुम्हाला तीन वर्षं लागला नाही, आणि म्सुक्वा साहेबांच्या आईच्या घरी दोन दिवस राहून लागला?"

नेमकं तेच. लुघानोला भीती होती तीच शंका.

"तुम्ही इथल्या कोणाला विचारलं नव्हतं का?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "हे किडे म्हणजे काय, ते?"

हेमांगीने हातातले कागद नीट लावले. विचारलं होतं, आणि कोणाला, ते सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

मागच्या बाकावरून लुघानो उठला. इस्त्रीचा शर्ट, हात बाजूला सरळ.

"विचारलं होतं," तो म्हणाला. "मला. मी म्हणालो, किडे आहेत, काढून टाक. मी याच किनाऱ्यावर वाढलो. कुंगू आलं की वारा बसतो, हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत आहे. पण या बाई परदेशातून आलेल्या, शिकलेल्या. आम्ही चिलटं खातो, हे मला त्यांना सांगायचं नव्हतं."

 खिडकीतून कुणीतरी पोराला गप्प केल्याचा आवाज आला.

"आणि घराचं म्हणाल," तो पुढे म्हणाला, "तर आकडा चौऱ्याऐंशी धरूनही ही जागा देशात दुसरी येते. पहिल्या जागेला रस्ता नाही. माझी मागणी आहे की खांब इथेच व्हावेत. घरं उठावीत, माझ्या आईचं पहिलं. पण रुग्णालयाची बॅटरी साठ तासांची करा, आणि ती बसेपर्यंत जनित्र हलवू नका. यासाठी पाळी गेली तर जाऊ दे."

हेमांगी त्याच्याकडे बघतच राहिली. कालपासून तो एकटा कशाशी झगडत होता, ते तिला आत्ता समजलं.

खिडकीतून न्याकायंगेने मान आत घातली. तिला बोलायचा हक्क होता की नाही कोण जाणे, पण अध्यक्षबाईंनी अडवलं नाही. "माझं सामान बांधलेलंच आहे," ती म्हणाली. "आता घाई तुम्ही करा."

पाळी गेली. पण अकराही देशांचे आकडे नव्याने काढेपर्यंत निधीची रांगच थांबली, म्हणून चार वर्षं नाही, एकच वर्ष गेलं. अकरा देशांचे नकाशे मागे आले. त्यांतल्या सातांचे आकडे कमी निघाले. कुठे टोळ होते, कुठे वटवाघळं, आणि एका देशात तर पावसाआधीच्या उडत्या वाळव्या होत्या, ज्यांची तिथली माणसं वर्षभर वाट बघतात. हेमांगीची चाळणी कोणी वापरीना. निधीने तिचं कंत्राट वाढवलं नाही. देवगडच्या शाळेतला फोटो काढला की राहिला, हे तिने विचारलं नाही. ती जिल्ह्याच्या रुग्णालयात विजेची देखभाल बघायच्या नोकरीला लागली. पगार चौथा हिस्सा. रात्री मात्र झोप लागे.

लुघानोने खात्यातून पायउतार व्हावं, असं बऱ्याच जणांना वाटलं. तो झाला नाही. त्याने नकाशाच्या नियमात एक कलम घातलं: यंत्राने नाकारलेला प्रत्येक तास त्या जागी राहणाऱ्या माणसांना दाखवायचा, आणि तो का टाकायचा हे त्यांनी सांगितल्याशिवाय टाकायचा नाही. बाकी त्याने हेमांगीला फोन केला नाही, पत्र लिहिलं नाही. त्याने चूक कबूल केली होती. पण ती कबूल करताना हेमांगी तिथे होती, हे विसरायला त्याला वेळ लागणार होता. तिने तो वेळ दिला.

तीन वर्षांनी फेब्रुवारीत वारा बसला. हेमांगी रुग्णालयाच्या ओवरीत बसून पडद्यावर आकडा बघत होती. साठ खांब, साठही उभे. तास सत्तावीस. बॅटरी निम्म्याच्या वर. आत वॉर्डात प्राणवायूचं यंत्र एकसारखं घुरघुरत होतं, आणि एक बाई नवऱ्याच्या उशाशी बसून निवांत पेंगत होती. तिच्या हातात पंखा नव्हता.

भर दुपारी लुघानो आला. न सांगता. तिच्या शेजारी बाकावर बसला आणि बराच वेळ त्या घुरघुरीकडे कान लावून राहिला. तीन वर्षांत केस पांढरे झाले होते.

"अमामा कशा आहेत?" हेमांगीने विचारलं.

"टेकडीवरचं घर आवडत नाही म्हणते. एवढ्या आत कुंगू येत नाही. पण खिडकीतून खांब दिसतात." तो थांबला. "सतरा नंबरचा तिच्या चुलीच्या जागेवर आहे. रोज सकाळी उठून त्याच्याकडे बघते. फिरत असला तर मासळी वाळवायला जाते. उभा असला की शेजारणींना हाका मारते आणि पाट्या घेऊन किनाऱ्यावर उतरते."

त्याने खिशातून केळीच्या पानात बांधलेली पुडी काढली. सोडली. आत काळपट, हातावर मावेल एवढी वडी होती. तो वडीकडे जरा वेळ बघत राहिला. मग मधोमध मोडली, एक तुकडा हेमांगीला दिला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला.

अडतीस वर्षांनी खात होता. चावताना त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवले नाहीत.

"मीठ जास्त पडलंय," तो म्हणाला.

"सुकटीसारखं लागतं," हेमांगी म्हणाली.

पडद्यावर अठ्ठाविसावा तास लागला. नोंदीत त्या तासापुढे आता करडा रंग येत नसे. तिथे 'कुंगू' असं लिहिलेलं असे.